पावती कोणी द्यायची?

कुठल्याही बेरोजगार तरुणाचा प्लास्टिकचा फोल्डर उघडून पाहा. आधार कार्ड, अधिवासाचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेल्या पासबुकाची झेरॉक्स, महास्वयम पोर्टलवरच्या नोंदणीची प्रिंट. सुरगाण्याहून नाशिकला यायचं असेल तर एसटीचं भाडं आणि एक बुडालेला दिवस वेगळा. मी मीच आहे, इथलाच आहे, शिकलेला आहे, गरजू आहे, हे सगळं त्याने कागदावर सिद्ध करायचं असतं. त्याला काही हरकत नाही. सरकारी पैसा आहे, खातरजमा व्हायलाच हवी.

पण हा मुलगा ज्याच्या दारात काम शिकायला जाणार, त्याच्याकडून आपण काय लिहून घेतो? कारखाना तीन वर्षं जुना आहे ना, भविष्य निर्वाह निधीची किंवा जीएसटीची नोंदणी आहे ना, एवढं विचारतो. म्हणजे कारखाना खरा आहे की नाही, इतकंच. या मुलाला काय शिकवणार, कोण शिकवणार, शिकल्यावर तो कुठे जाणार, यातलं काहीही मालकाने लिहून द्यायचं नसतं. रोजगार योजनांच्या अपयशाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं: निधी कमी पडला, प्रशिक्षण निकृष्ट होतं, पोरांना कष्ट नकोत. माझ्या मते मूळ दुखणं या एकतर्फीपणात आहे. योजना काम मागणाऱ्याला बांधते आणि काम देणाऱ्याला मोकळं सोडते.

ताजं उदाहरण घेऊ. २०२४च्या आषाढीला पंढरपुरात तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ‘लाडक्या भावा’चा उल्लेख केला आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेला तेच नाव चिकटलं. योजना त्याआधीच जूनच्या अर्थसंकल्पात आली होती. १८ ते ३५ वयाच्या तरुणांनी सहा महिने एखाद्या कारखान्यात, दुकानात किंवा सरकारी कार्यालयात काम करायचं. बारावी पास असेल तर दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,०००, पदवीधर असेल तर १०,००० रुपये विद्यावेतन थेट खात्यात. वर्षाला दहा लाख तरुण आणि साडेपाच हजार कोटी रुपये, असा संकल्प होता. खासगी उद्योगाला कर्मचारीसंख्येच्या १० टक्के, सेवा क्षेत्राला २० टक्के आणि सरकारी कार्यालयाला मंजूर पदांच्या ५ टक्के प्रशिक्षणार्थी घेता येणार होते.

विद्यावेतनाला मी नावं ठेवणार नाही. पेठ-सुरगाण्याच्या घरात महिन्याला सहा हजार येणं ही लहान गोष्ट नाही, आणि मुलीच्या नावावर येणं तर त्याहून मोठी. प्रश्न अटींचा आहे. प्रशिक्षणार्थी महिन्यात दहा दिवस गैरहजर राहिला तर त्याचं त्या महिन्याचं विद्यावेतन बुडतं. आस्थापनेने त्याला सहा महिन्यांत काहीच शिकवलं नाही तर आस्थापनेचं काय बुडतं? काहीच नाही. पुढे नोकरी द्यायची का, हा निर्णयही ‘योग्य वाटल्यास’ आस्थापनेचाच.

झालंही तसंच. दहा लाखांच्या उद्दिष्टाच्या पाव हिस्सासुद्धा तरुण रुजू झाले नाहीत. जे झाले त्यांतले बहुतेक सरकारी कार्यालयांत गेले, कारण तिथे जागा रिकाम्या होत्या आणि काम पडून होतं. दिंडोरी किंवा कळवण तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत बी.कॉम. झालेली मुलगी बसायची. नमुना ८चे उतारे काढून द्यायचे, घरपट्टीची वसुली संगणकात चढवायची, लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून द्यायचे, ग्रामसेवक दुसऱ्या गावी असतील तेव्हा आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची आणि उत्तरही. दोन महिन्यांत ती त्या कार्यालयाची सवय झाली. तिने काम केलं, यात शंका नाही. पण हे प्रशिक्षण कशाचं होतं? त्याचा अभ्यासक्रम नव्हता, परीक्षा नव्हती, आणि शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर कोणता मालक कोणती नोकरी देणार, हे कोणालाच सांगता आलं नसतं. जिल्हा परिषदेच्या शाळांत तर या मुलांनी वर्ग सांभाळले.

सहा महिने संपत आले तेव्हा ओरड झाली आणि मुदत पाच महिन्यांनी वाढली. एकूण अकरा महिने. घर भाड्याने देताना मालक अकरा महिन्यांचाच करार का करतो, ते आपल्याला माहीत आहे: भाडेकरूचा हक्क तयार होऊ नये म्हणून. सरकारच्या मनात तसं काही होतं असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच झाला. अकरा महिन्यांनंतर ही मुलं मुंबईत आझाद मैदानावर आणि नागपुरात अधिवेशनावर धडकली. ‘आम्हाला कायम करा’ ही त्यांची मागणी. कायदा त्यांच्या बाजूने नव्हता. मात्र ज्याच्याकडून वर्षभर नोकराचं काम करून घेतलं, त्याला शेवटी ‘तू शिकत होतास’ असं सांगणं हे सरकारला शोभणारं नव्हतं.

हा प्रकार लाडक्या भावापासून सुरू झालेला नाही. आपली रोजगार विनिमय केंद्रं १९४५ साली निघाली ती दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना नागरी जीवनात काम मिळवून देण्यासाठी. पुढे ती सर्वांसाठी खुली झाली. १९५९मध्ये कायदा आला: सरकारी आस्थापनांनी आणि २५ किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा केंद्राला कळवल्या पाहिजेत. ‘कळवल्या पाहिजेत’, एवढंच. केंद्राने पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे अशी सक्ती त्या कायद्याने केली नाही, उलट अशी सक्ती नाही हे त्यातच लिहून ठेवलं. तरीही सरकारी भरतीत केंद्राच्या कॉलला वजन होतं. आमच्या आधीच्या पिढीला ते कार्ड, दर तीन वर्षांनी करायचं नूतनीकरण आणि पोस्टमनची वाट पाहणं, सगळं आठवत असेल. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ केंद्राच्या यादीवर भरती नको, जाहिरातही द्या. निकाल न्याय्य होता. कार्डाचं उरलंसुरलं वजन मात्र त्याबरोबर गेलं. आज त्याच कार्यालयाचं नाव ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ असं झालंय. पाटी लांबली, अधिकार मात्र मार्गदर्शनापुरताच.

नाशिकला हे विशेष बोचतं, कारण काम शिकून माणूस उभा राहतो याचा पुरावा याच शहरात घरोघरी आहे. नोटप्रेस, ओझरचं एचएएल, सातपूरची मायको, महिंद्र: या नावांवर नाशिकच्या मध्यमवर्गाची एक अख्खी पिढी घडली. त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयमधून फिटर किंवा टर्नर होऊन बाहेर पडलेला मुलगा अ‍ॅप्रेंटिस म्हणून आत जायचा आणि पुढे सिडकोत घर घ्यायचा. फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा. पहिले कित्येक आठवडे व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडून नुसतं फाइल मारायचं, मग व्हर्नियर लावून मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत चूक शोधायची आणि निदेशकाने ‘परत कर’ म्हटलं की परत करायचं. हात असा तयार होतो. सहा महिन्यांत तो होत नाही, तीन महिन्यांच्या शॉर्ट टर्म कोर्सात तर नाहीच.

आता अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशीन शॉपमधला ‘ट्रेनी’ पाहा. सीएनसी मशीनचा प्रोग्राम सेटरने लावून ठेवलेला असतो. ट्रेनीने दार उघडायचं, जॉब चकमध्ये लावायचा, सायकल स्टार्टचं बटण दाबायचं, झालेला जॉब काढून एअर मारून ट्रेमध्ये ठेवायचा. असं पाळीत शेकडो वेळा. टूल झिजलं तर सेटरला हाक मारायची. वर्षभराने त्याला बटण कुठलं ते पक्कं ठाऊक असतं, प्रोग्राम कसा लिहितात ते नसतं. कागदावर तो शिकाऊ असतो आणि प्रत्यक्षात उत्पादनाचा एक हात. वसाहतीतल्या पोरांना हे नीट कळतं. ‘सात महिने झाले की ब्रेक’ हा त्यांचा नेहमीचा हिशोब. २४० दिवस भरले की कायद्याचं काही संरक्षण लागू होतं, म्हणून त्याआधीच गेटपास काढून घ्यायचा आणि महिन्याभराने दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावाने पुन्हा बोलवायचं. शिकाऊ म्हणून घेतलं तर ती भीतीही नाही. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातच म्हटलंय की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, कामगार कायदे त्याला लागू नाहीत.

त्या कायद्याचं २२वं कलम मला फार सूचक वाटतं. शिकाऊ उमेदवाराचं प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही, असं ते मुळात सांगायचं. २०१४मध्ये ते बदललं: आता प्रत्येक मालकाने प्रशिक्षित उमेदवारांच्या भरतीबाबत स्वतःचं धोरण ठरवावं, असं झालं. एक पाऊल पुढे पडलं खरं, पण धोरणात काय असावं ते सांगितलेलं नाही आणि ते जाहीर करावं असंही नाही. एखाद्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जाणाऱ्या मुलाने ‘तुमचं धोरण काय?’ असं कधी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्याला असं काही आहे हेच माहीत नसतं.

मधल्या काळात ‘नीम’ आलं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३मध्ये राष्ट्रीय रोजगारक्षमता वृद्धी मिशनचे नियम केले आणि पुण्या-नाशिकच्या पट्ट्यात ‘नीम ट्रेनी’ नावाची नवी जात जन्माला आली. मध्ये एक एजन्सी, तिच्या नावावर पोरं, काम कारखान्यात. भविष्य निर्वाह निधी नाही, विमा योजना नाही. कामगार संघटनांनी वर्षानुवर्षं आरडाओरडा केला, तेव्हा कुठे २०२२च्या अखेरीस परिषदेने ते नियम मागे घेतले. त्या नऊ वर्षांत किती मुलांचं ऐन उमेदीचं वय ‘शिकण्यात’ गेलं, याचा हिशोब कोणी मांडला नाही.

केंद्र सरकारच्या कौशल्य विकास योजनेचंही वेगळं नाही. २०१५मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२५मध्ये संसदेत मांडला गेला. लाभार्थ्यांच्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक नोंदींत बँक खात्याचा रकाना रिकामा, शून्य किंवा निरर्थक होता, असं त्यात निघालं. प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी कामाला लागलेले शंभरात एक्केचाळीस. ज्या देशात साधी शिष्यवृत्ती हवी असेल तर आधार, बँक, मोबाइल तिन्ही जोडावं लागतं, त्या देशात प्रशिक्षण संस्थांचे पैसे मात्र रिकाम्या रकान्यांवर निघतात. कागद कोणाकडून मागायचे आणि कोणाकडून नाहीत, ते आपलं ठरलेलं आहे.

हे उलटं करून दाखवण्याचं काम एकदा महाराष्ट्रानेच केलंय, आणि ते इतक्या धाडसाने केलंय की पुढे देशाने त्याचं अनुकरण केलं. विठ्ठल सखाराम पागे हे तेव्हा विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला: जो काम मागेल त्याला काम. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांवर आली, तेव्हा त्या कल्पनेला बळ मिळालं. १९७७मध्ये रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. त्यातली खरी क्रांती एका अटीत होती. मजुराने काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत सरकारने काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. म्हणजे अर्ज मजुराचा, पण बांधलं गेलं सरकार.

पैसा कुठून आला तेही आठवणीत ठेवण्यासारखं आहे. १९७५मध्ये व्यवसाय कर बसवला. आजही नाशिकच्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात, वर्षाला अडीच हजार. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या हमीसाठी द्यायचा तो कर. कापला जातो तेव्हा आपण कुरकुरतो, पण तो का सुरू झाला हे फारसं कोणाला सांगता येत नाही.

रोजगार हमीचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. हजेरीपटावरची मेलेली माणसं, न झालेले बांध, मुकादमांच्या खिशात गेलेली मजुरी, सगळं झालं. आणि कायद्याचा दात ज्यात होता तो बेकारी भत्ता जवळजवळ कोणालाच मिळाला नाही. याचं कारण बारीक आहे, पण त्यातच सगळं राजकारण आहे. काम मागायचं ते नमुना क्रमांक ४ भरून. तो दिला की ग्रामपंचायतीने तारखेची पावती द्यायची. पंधरा दिवस मोजायला सुरुवात होते ती त्या पावतीपासून. म्हणून पावतीच द्यायची नाही. ‘ठेवून जा, बघू’, ‘शिक्का तहसीलला आहे’, ‘सगळ्यांचे एकदम घेऊ’. पावती नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे भत्ता नाही. आदिवासी भागात ज्या गावांत संघटना होती तिथे लोक पावती घेतल्याशिवाय उठत नसत, आणि तिथेच कामं निघत. बाकीचे दिवाळीनंतर गोणीत भांडी भरून दिंडोरी, वणी, पिंपळगाव बसवंतच्या चौकांत येऊन उभे राहत.

अजूनही राहतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की सुरगाणा-पेठच्या टोळ्या उतरतात. छाटणी, पेस्ट लावणं, विरळणी, घडांना डिपिंग, कागद बांधणं, शेवटी काढणी. यातलं प्रत्येक काम कौशल्याचं आहे. घडातले कोणते मणी काढायचे आणि किती ठेवायचे, हे ज्या बाईच्या बोटांना कळतं तिच्यावर युरोपला जाणाऱ्या पेटीची प्रतवारी ठरते. पण या कौशल्याला कोणाचं प्रमाणपत्र नाही, आणि ज्यांना प्रमाणपत्रं मिळतात त्यांच्याकडे बहुधा असं कौशल्य नसतं. टोळीत मात्र एक गोष्ट कौशल्य केंद्राहून चांगली आहे: उक्तं काम ठरतं तेव्हा एकरी दर आधी बोलला जातो. दोन्ही बाजूंना माहीत असतं, कोणी काय द्यायचं.

इथे कारखानदारांचं म्हणणं ऐकायला हवं, आणि ते पोकळ नाही. सातपूर-अंबडमधले बहुतेक कारखाने मोठ्या कंपन्यांचे पुरवठादार आहेत. मोठ्या कंपनीने शेड्यूल कमी केलं की यांच्याकडे पुढच्या महिन्याचं काम नाही. अशा माणसाला ‘घेतलेल्यांना कायम करा’ म्हटलं तर तो एकालाही घेणार नाही. दुसरं, गेटवर ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजेत, हेल्पर पाहिजेत’ अशा पाट्या वर्षभर लटकतात आणि माणूस टिकत नाही. त्याच वेळी गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या अभ्यासिका पहाटेपासून भरलेल्या. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. कारखानदार विचारतात, बेरोजगारी आहे कुठे?

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच गेटवर आहे. बारा तासांची पाळी, सातव्या महिन्याला ब्रेक आणि चार वर्षांनीही हेल्परच, असं दिसत असेल तर शहाणा मुलगा दहा लाखांच्या रांगेत उभा राहणारच. तो आळशी नाही, तो हिशोब करतो. तलाठ्याच्या नोकरीत पगारापेक्षा मोठी गोष्ट ही की उद्या काय होणार ते कळतं. खासगी कामातही थोडं तरी कळू लागलं तर यातले बरेच जण इकडे वळतील.

शिकवायचं तर बांधून घ्यायला हवं, हे इतर देशांनीही अनुभवाने ओळखलं. ब्रिटनने १९८३मध्ये बेरोजगार तरुणांसाठी युवा प्रशिक्षण योजना काढली. भत्ता सरकारचा, हात मालकाला फुकट. स्वस्त मजुरीची योजना म्हणून ती बदनाम झाली. जर्मनीत उलट. तिथे शिकाऊ उमेदवाराचा लेखी करार उद्योग मंडळाकडे नोंदवावा लागतो, परीक्षा मंडळ घेतं, मालक स्वतः घेत नाही, आणि मुख्य म्हणजे विद्यावेतन मालकाच्या खिशातून जातं. ज्याच्यावर तीन वर्षं स्वतःचे पैसे घातले, त्याला शिकवण्याची निकड मालकालाच असते आणि सोडताना तोच दहादा विचार करतो. तिथे शिकून झालेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश त्याच कंपनीत कामाला राहतात. जर्मनीची नक्कल नाशिकला होणार नाही, तेवढी जुनी उद्योग मंडळं आपल्याकडे नाहीत. पण दोन्ही देशांतला फरक कुठे पडला ते उचलायला काय हरकत आहे? फरक पडला तो कोणाला बांधलं यात.

तेव्हा माझी मागणी कायम नोकरीची नाही. मागणी पावतीची आहे. सरकारी पैशावर प्रशिक्षणार्थी घेणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने रुजू होण्याच्या दिवशी त्या मुलाच्या हातात सही-शिक्क्याचा कागद द्यावा: कोणतं काम शिकवणार, कोण शिकवणार, परीक्षा बाहेरचं कोण घेणार, ठेवून घेतलं तर पगार किती, आणि मागच्या तुकडीतले किती जण आज इथे कामाला आहेत. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. तीच ओळ गेटवरच्या फलकावर आणि महास्वयमवर दिसावी. ज्याचा आकडा दोन वर्षं लागोपाठ शून्य, त्याला तिसऱ्या वर्षी प्रशिक्षणार्थी नाही. यात कोणाला कायम करण्याची सक्ती नाही, धंदा मंद असेल तर मालक मोकळा आहे. फक्त दरवर्षी नवी फुकट पोरं घ्यायची सोय बंद होते. ज्यांच्याकडे दहा-पंधराच माणसं आहेत अशा चार-पाच कारखान्यांनी मिळून एक मुलगा घ्यावा, तीन महिने लेथवर, तीन महिने मिलिंगवर, तीन महिने तपासणी विभागात फिरवावा. निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांना हे जुळवणं कठीण नाही.

नियम आधी सरकारने स्वतःला लावावा. ज्या शाळेचा वर्ग अकरा महिने प्रशिक्षणार्थ्यावर चालला, तिथे शिक्षकाची जागा रिकामी आहे हे सरकारनेच सिद्ध करून दिलंय. ती जाहिरात देऊन भरावी. प्रशिक्षणार्थ्यांना सरसकट सामावून घ्या या मागणीशी मी सहमत नाही. अभ्यासिकेत बसलेल्या मुलीचाही त्या जागेवर तेवढाच हक्क आहे. पण केलेल्या कामाला भरतीत काही गुण द्यायला हवेत, नाहीतर ते प्रमाणपत्र घरात फ्रेम करून लावण्यापुरतं राहील.

सरकारच्या हातात आणखी एक मोठं हत्यार आहे, त्याचं नाव निविदा. सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांना सरकारी कामांत हिस्सा राखून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, एक तृतीयांश अभियंत्यांना, एक तृतीयांश मजूर संस्थांना. हेतू चांगला. मजूर संस्थांच्या निवडणुकीत उभे राहणारे ‘मजूर’ कोणत्या गाडीतून येतात, ते मात्र नाशिककरांना सांगायला नको. हिस्सा संस्थेच्या नावाला दिला आणि कामावर कोण आहे ते विचारलं नाही, की असं होतं. आता २०२७च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण अशी कामं निघत आहेत. प्रत्येक मोठ्या निविदेत एक कलम घालता येईल: अमुक इतके स्थानिक आयटीआय उमेदवार, नावनिशीवार, अमुक महिने, आणि त्यांची हजेरी पाहिल्याशिवाय शेवटचं बिल नाही. वायरमन, प्लंबर, वेल्डर, सर्वेक्षक यांना दोन वर्षांचं खरं काम मिळेल. साधू-महंत निघून गेल्यावरही त्यांच्या हातात कसब राहील. हे कलम घालायला नवी योजना लागत नाही, नवा निधी लागत नाही, नवीन नावही लागत नाही. कदाचित म्हणूनच ते कोणाला सुचत नसेल.

वाचकांपैकी बरेच जण व्यवसाय कर भरत असतील. तुमच्या भागात पुढच्या वेळी रोजगार मेळावा भरेल, मंडप लागेल, नियुक्तिपत्रं वाटतानाचे फोटो छापून येतील. तेव्हा नगरसेवकाला, आमदाराला, कौशल्य विकास केंद्राच्या अधिकाऱ्याला एवढंच विचारा: गेल्या मेळाव्यात ज्यांना पत्रं दिली, त्यांच्यापैकी आज कामावर किती आहेत? यादी मागा. तोंडी उत्तर मिळालं तर अर्ज लेखी द्या, आणि त्याची तारखेची पावती घेतल्याशिवाय तिथून उठू नका.